सगळ्या गाड्या लाल

मिलूदच्या जिभेला हाड नव्हतं. दिवसभर दुकानात बसून सपातांच्या चामड्यात सुई खुपसायची आणि दुपारची नमाज झाली की बाब दुक्काला वेशीबाहेरच्या गाडीतळावर येऊन माणसांना टोचायचं, असा त्याचा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. मराकेशात ज्याच्याकडे मोटारसायकल नाही तो माणूस एकतर पाळण्यात असतो नाहीतर जनाज्यात. त्यामुळे गाडीतळावर टोचायला माणसं कमी पडत नसत.

वाद नेहमी एकच. गाडीचा रंग कोणता चांगला?

शिंपी मफद्दलची गाडी काळी होती. "काळ्यात रुबाब आहे," तो म्हणायचा.

"रुबाब कसला! तंजियाचं मडकं हमामच्या भट्टीत कशाला पाठवता? ऑगस्टात याच्या टाकीवर ठेवा, मटण गळून पडेल," मिलूद म्हणायचा. "मडक्यातलंही आणि वर बसणाऱ्याचंही."

थामी मास्तरांची गाडी पांढरीशुभ्र. त्यांना मिलूद फार अदबीने विचारी, "मास्तर, घरी सगळं ठीक ना? नाही, विधवेसारखे पांढऱ्यात फिरताय, म्हणून काळजी वाटली."

"तुझ्या लालपेक्षा बरं," मास्तर म्हणत. "परवा माझा मेहुणा आला कासाब्लांकाहून. तुझी गाडी बघून हात दाखवला त्याने, स्टेशनला सोडतोस का म्हणून. तिकडे टॅक्स्या लाल असतात ना."

मग सगळे हसत, मिलूदही हसे, आणि मोर्चा हमादकडे वळे. हमाद किराणावाला, दक्षिणेकडच्या सूसचा, मोजकं बोलणारा. त्याची गाडी निळी. का निळी, तर आईला आवडतो.

"मग आईला चालवू दे," मिलूद म्हणायचा. हमाद कानापर्यंत लाल व्हायचा आणि मिलूद म्हणायचा, "बघा, रंग तर याने मनातून बदललेलाच आहे."

हे सगळं चालायचं ते बा जिलालीच्या डोक्यावर. म्हणजे त्याच्या खुर्चीभोवती. बा जिलाली गाडीतळाचा राखणदार. अंगात निळा कोट, छातीवर पितळी बिल्ला, आणि हाताशी पुठ्ठ्यांची चळत. गाडी आली की तो ती ढकलत रांगेत बसवायचा आणि सीट तापू नये म्हणून वर पुठ्ठा ठेवायचा. हँडलला कुलूप लावायचं नाही, हा गाडीतळाचा नियम. गाड्या सरकवायच्या कशा मग? कुलूप म्हणजे बा जिलाली. त्याच्या राज्यात एकही गाडी गेली नव्हती.

तो माणसांना नावाने हाक मारत नसे. मिलूद म्हणजे लाल्या, मफद्दल काळ्या, हमाद निळ्या. मास्तरांनाही तो "या पांढरे" म्हणे आणि मास्तर ऐकून घेत. म्हाताऱ्याची मस्करी म्हणून सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. एकदा तर मास्तरांची गाडी घेऊन कुणी उपरा निघाला होता, तेव्हा खुर्चीतून न उठताच बा ओरडला होता, "पांढऱ्यावर एवढा उंच माणूस कोण रे?" मास्तर बुटके होते. चोर गाडी टाकून पळाला. बा जिलालीची नजर घारीची आहे, असं तेव्हापासून वेशीवर बोललं जायचं, आणि ते ऐकलं की म्हातारा बिल्ला कोटाच्या बाहीने पुसायचा.

पण मिलूदला एक गोष्ट माहीत होती. ती त्याने कुणाला सांगितली नव्हती, आणि पुढे त्याला छळलं ते याच गोष्टीने.

हिवाळ्यात एकदा त्याची गाडी बिघडली म्हणून तो साडूची पांढरी घेऊन आला होता. गाडी बाच्या हातात दिली. बा म्हणाला, "या पांढरे, आज शाळा लवकर सुटली?"

लोक हसले. मिलूद हातभर अंतरावर उभा होता. म्हाताऱ्याचे डोळे त्याच्या तोंडाकडे नव्हतेच, टाकीकडे होते, आणि त्यांत मस्करीचा मागमूस नव्हता.

"बा, मी मिलूद."

म्हातारा दचकला. मग हसला. "माहितेय रे. गंमत केली तुझी."

ते हसू उशिरा आलं होतं. मिलूदला सगळं समजलं. बाला चेहरे दिसत नव्हते. रंग दिसायचा, आणि रंगावर बसलेल्या माणसाचा आकार. काळ्यावर जाड्या, निळ्यावर पोक काढलेला, लालवर सडपातळ. एवढ्या भांडवलावर म्हातारा ही दौलत राखत होता. मिलूदला क्षणभर भरून आलं. पण ही गोष्ट मनात ठेवायची म्हणजे रंगांची थट्टा जपून करायची, आणि जपून करायची ती थट्टा कसली? सपातेच्या अस्तराखाली जाड पुठ्ठा दडपावा तशी त्याने ती गोष्ट आत दडपून टाकली आणि वर टाके घातले.

वसंत आला. दरवर्षीप्रमाणे मंडळी गाड्या काढून डोंगराकडे सहलीला निघाली, मागे तंजियाचं मडकं बांधून. जाताना मिलूदने पैज टाकली. परतल्यावर ज्याची गाडी सगळ्यांत स्वच्छ दिसेल त्याचा रंग खरा. बाकीच्यांनी आपापल्या गाड्या त्या रंगाने रंगवून घ्यायच्या.

"हरलास तर?" मफद्दलने विचारलं.

"तर काळी करीन आणि वर बसून मटण होईन."

सगळे हो म्हणाले. अक्कल गहाण टाकल्यावर दुसरं काय होणार? आमच्याकडच्या रस्त्यांची माती लाल, भिंती लाल, वाऱ्यावर उडते ती धूळ लाल. संध्याकाळी मंडळी परतली तेव्हा मफद्दलची काळी गाडी शेतातून उपटलेल्या बटाट्यासारखी दिसत होती. मास्तरांची तर बघवत नव्हती. आणि मिलूदची लाल जणू आत्ताच धुऊन काढली होती.

"न्याय बा करेल," मिलूद म्हणाला. "बा, सांग, कोण स्वच्छ?"

बा जिलाली खुर्चीतून उठला. एकेका गाडीवरून त्याने हात फिरवला, बोटांची धूळ कोटाला पुसली. मग म्हणाला, "ज्याचा रंग त्याच्यापाशी असू द्या रे पोरांनो. सगळेच चांगले आहेत."

"म्हातारा दोन्ही डगरींवर हात ठेवतोय," मफद्दल म्हणाला.

"लाल्या," बा म्हणाला. या वेळी आवाज खाली आला होता, फक्त मिलूदला ऐकू जाईल इतका. "राहू दे ना. कशाला?"

मिलूदला तेव्हाच उमगलं की ही विनंती आहे. भर चौकात म्हातारा याहून जास्त काय सांगणार होता? पण चारचौघांत जिंकलेला माणूस बहिरा असतो. मिलूद मोठ्याने म्हणाला, "बाला निळा हवाय, कोटाला जुळेल असा!" सगळे खो-खो हसले. बाही हसला.

मिलूदचा धाकटा मेहुणा गाड्या रंगवायचा. त्याने एकेक करून सगळ्या लाल करून दिल्या. हमाद सगळ्यांत शेवटी तयार झाला. आईला काय सांगू, असं तो दोनदा म्हणाला होता. मिलूद स्वतः त्याची गाडी मेहुण्याकडे ढकलत घेऊन गेला. हे बघून वेशीवरच्या आणखी काही हौशी लोकांनी लाल रंग मारून घेतला आणि गाडीतळ डाळिंबाच्या टोपलीसारखा दिसू लागला. मिलूद येता-जाता त्याच्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसायचा.

बा जिलाली आता कुणालाच हाक मारत नव्हता. "या, या," एवढंच म्हणायचा. हल्ली तो खुर्चीतही बसत नसे. रांगांमधून फिरत राहायचा, गाड्यांना हात लावत, सीटच्या फाटक्या जागा, आरशाचे तडे चाचपत. उन्हात त्याचा कोट पाठीला चिकटलेला असे. मिलूदने ते पाहिलं होतं. एकदा त्याच्या मनात आलं की निदान आपली तरी गाडी दुसऱ्या रंगाची करावी. मग हसतील म्हणून राहिलं.

शुक्रवारी मशीद सुटली आणि सगळा गाडीतळ एकदम हलला. किका, धूर, हाका. त्या गर्दीत एक लाल गाडी कुणीतरी शांतपणे ढकलत नेली, वेशीच्या वळणावर चालू केली, आणि गेली. बा फाटकापाशीच उभा होता. त्याने हात वर करून निरोपही दिला म्हणे.

हमाद आला तेव्हा त्याच्या जागेवर पुठ्ठा पडलेला होता.

हमाद ओरडला नाही. पुठ्ठा उचलून त्याने बाच्या हातात दिला. त्याच गाडीवर तो पहाटे दूध आणायचा आणि आईला दवाखान्यात न्यायचा. ओरडले ते बाकीचे. राखणदारांचा मुकादम आला, रिवाजाप्रमाणे चौकशी झाली.

"माझ्यासमोरून नेली?" बा म्हणत होता. "गर्दी होती. गर्दीत कुणाचंही होईल. डोळे माझे चांगले आहेत."

"डोळे चांगले आणि गाडी गेली, मग चोराशी संगनमत म्हणायचं का?" मुकादमाने विचारलं.

मास्तर म्हणाले, नियम तो नियम. मफद्दल जमिनीकडे बघत राहिला. मिलूद, ज्याची जीभ कधी टाळ्याला लागत नसे, तो खांबाला टेकून उभा होता. एकच वाक्य पुरलं असतं. हा रंगांवरून ओळखायचा, रंग आपण खाल्ले. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे हेही सांगावं लागलं असतं की मला हिवाळ्यापासून ठाऊक होतं. तो बोलला नाही. आपण म्हाताऱ्याची अब्रू झाकतोय असं त्याने स्वतःला सांगितलं, पण झाकत होता तो स्वतःची.

मुकादमाने बिल्ला काढून घेतला. बाने स्वतःच पिन सोडवली. बोटं दोनदा चुकली.

नवा राखणदार तरणाबांड आला. तो आकड्यांचे प्लास्टिकचे बिल्ले देतो आणि कुणाशी बोलत नाही. वर्गणी काढून हमादला जुनी गाडी घेऊन दिली गेली, तिचा रंग कुणी विचारला नाही. दुपारचा अड्डा आपोआप मोडला.

मिलूदला मात्र सुचेना. चामड्यावर सुई तिरकी जायची. ताटातला कुसकुस तसाच राहायचा. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते काही खोटं नाही. शेवटी बायकोने, यामनाने, विचारलंच. त्याने सगळं सांगितलं, हिवाळ्यातल्या पांढऱ्या गाडीसकट.

ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग मला काय सांगता? त्याला जाऊन सांगा."

जायला त्याला महिना लागला. आधी त्याने मेहुण्याकडे जाऊन गाडी पिवळी करून घेतली, सपातांना लावतात तसा लिंबासारखा झगझगीत पिवळा. गावात तसली दुसरी गाडी नव्हती. गल्लीच्या तोंडाशी आल्याबरोबर म्हाताऱ्याला दिसावी, निदान एक तरी गाडी त्याला ओळखू यावी, आणि मग पाय धरून सांगावं, बा, तुझी भाकरी मी खाल्ली. वाटेत त्याने हे शब्द मनात घोळवून ठेवले होते.

बा जिलाली दारातल्या मेंढीच्या कातड्यावर बसला होता. अंगात निळा कोट तसाच, बिल्ल्याच्या जागी पिनेची दोन भोकं. शेजारी पुदिन्याचा चहा. गाडीचा आवाज ऐकून त्याने मान वर केली, थोडी भलत्याच बाजूला, आणि त्याचं तोंड उजळलं.

"लाल्या! ये, ये. गल्लीच्या तोंडाशीच दिसलास मला. तुझा लाल कुठे लपतो का?"

मिलूद गाडीवरून उतरला. पिवळी टाकी दोघांच्या मधोमध उन्हात झळकत होती.

"सुनेला सांगत होतो मी," बा म्हणाला. "डोळ्यांचं काही नाही माझं, ती गर्दी होती. ही म्हणते दिसत नाही. आता मला सांग, एवढ्या लांबून लाल ओळखला की नाही मी?"

दारात सून उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं, मग मिलूदकडे, आणि ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून उभी राहिली.

घोळवून ठेवलेले शब्द मिलूदच्या जिभेवर होते. ते बाहेर काढायचे म्हणजे म्हाताऱ्याकडे उरलेलं एवढंसंही काढून घ्यायचं. माफी मागण्याचीही सोय त्याने स्वतःला ठेवली नव्हती.

"ओळखलास, बा," तो म्हणाला. "लालच आहे."

"मग," बा जिलाली म्हणाला, आणि बाहीने कोटावरची ती दोन भोकं पुसली. "बस. चहा घे."

मिलूद बसला. म्हाताऱ्याने त्याच्यासाठी चहा ओतला, तो पेल्याबाहेर सांडत राहिला, आणि पुरे म्हणून मिलूद त्याला थांबवूही शकला नाही.