हँडब्रेकची वायर

निवृत्त झाल्यावर खून-दरोडे पुष्कळसे विसरलो. लखनौच्या सरोजिनी नगरमधल्या एका पोर्चमध्ये झालेला मृत्यू मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही. त्यात खुनी नव्हता, वैर नव्हतं, कुणाचं वाईट व्हावं असं कुणाच्या मनातही नव्हतं. खरं सांगायचं तर म्हणूनच तो पचत नाही.

मी मूळचा वर्ध्याकडचा. वडील रेल्वेत होते म्हणून लखनौला वाढलो आणि उत्तर प्रदेश पोलिसांत लागलो. तेव्हा मी त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. जून महिना, बाहेर लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा वारा, वाहत होती. दुपारी हवालदार आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहब, एक बुजुर्ग आए हैं. कह रहे हैं, उनकी गाड़ी से उनकी पत्नी दब गईं."

गृहस्थ सत्तरीचे. रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनियर. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून ते सरळ मराठीतच बोलायला लागले. "साहेब, गाडी मी चालवत होतो. ब्रेकऐवजी पाय ॲक्सिलरेटरवर पडला. ही समोर खुर्चीवर बसली होती. भिंत आणि गाडीच्या मधे सापडली. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. म्हातारा माणूस, पाय चुकला, असे अपघात आम्ही पाहतो. पण त्यांचं एक वाक्य मला खटकलं. "मुलगा वरच्या खोलीत झोपला होता, त्याचा काही संबंध नाही," हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी मुलाबद्दल विचारलंच नव्हतं. न विचारता माणूस ज्याला वाचवायला बघतो, त्याच्याकडे आधी पाहावं, एवढं नोकरीत शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी फोन आला. समोरच्या घरातले शेजारी होते. नाव सांगायची त्यांची तयारी नव्हती, पण मन खात होतं. "सर, आवाज सुनकर सबसे पहले मैं पहुँचा था. गाड़ी में कोई था ही नहीं. दरवाज़े लॉक थे. शीशा तोड़कर बंद करने गया तो चाबी भी नहीं लगी थी. और वो बंद होकर फिर अपने आप चालू हो रही थी."

मला आधी वाटलं, हा गडी उन्हात चक्रावलाय. तरी मी गाडी ताब्यात घेऊन तांत्रिक तपासणीला पाठवली आणि बापलेकांना ठाण्यावर बोलावलं.

वडिलांना मी एवढंच विचारलं, "गाडी बंद कशी केलीत?" खोटं बोलणारा मोठी गोष्ट घोकून येतो, बारीकसारीक गोष्टींची तयारी त्याने केलेली नसते. ते म्हणाले, "चावी फिरवली." मी म्हटलं, "पंचनाम्याच्या वेळी चावी तुमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला होती. दरवाजे बंद होते. काका, आता खरं सांगा."

तेवढ्यात मुलगा बोलला. अमौसीला विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या विभागात सुपरवायझर होता. मराठी सगळं समजायचं, बोलायचा मात्र हिंदी. "बटन मैंने दबाया था, सर. पापा झूठ बोल रहे हैं. मेरी नौकरी बचाने के लिए." आणि खिशातून त्याने छोटा रिमोट काढून टेबलावर ठेवला.

मग सगळं कळलं. आईचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागे. तापलेल्या गाडीत बसलं की तिला चक्कर यायची. म्हणून या पोराने लांबूनच गाडी चालू करायचं किट मागवलं आणि इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून, डॅशबोर्डखाली डोकं घालून, स्वतः बसवलं. वरून बटण दाबायचं, एसी सुरू व्हायचा, आई सावलीला पोर्चमध्ये बसून राहायची आणि गाडी गार झाली की तिला बसवायचं. ही असली उद्योगी पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेकांना मित्रांपुढे शायनिंग मारायची असते. याला आईला गार हवेत न्यायचं होतं.

तपासणीचा अहवाल आला. गाडी साध्या गियरची. अशा गाडीसाठी किटमध्ये एक वायर हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला नसेल तर इंजिन चालूच होत नाही. ती वायर तिथून काढून गाडीच्या पत्र्याला पक्की जोडलेली होती. म्हणजे ब्रेक ओढा किंवा ओढू नका, यंत्राला तो कायम ओढलेलाच वाटणार. इंजिन बंद पडलं तर ते स्वतःच पुन्हा प्रयत्न करणार. आणि त्या दिवशी गाडी पहिल्या गियरमध्ये उभी होती, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला ती पुढे ढकलली जाणार.

मी पुन्हा दोघांना बोलावलं. "वायर का काढलीस?" मुलाला विचारलं.

"सर, कभी चालू होती थी, कभी नहीं. मम्मी धूप में बैठी रहती थीं. मुझे लगा स्विच खराब है. तो डायरेक्ट कर दिया."

"कधी होत नव्हती?"

तो विचार करायला लागला. मी लावतो तेव्हा होते, असं काहीतरी पुटपुटला. त्याच्या शेजारी बसलेले वडील एकदम ताठ झाले. 

"हँडब्रेक मी कधी ओढतच नाही," ते म्हणाले. "उभ्या गाडीच्या ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही, हे यार्डात अंगात मुरलं. डबा उभा केला की आम्ही चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचो. घरीसुद्धा तसंच. पहिला गियर टाकायचा आणि गाडी मागे घरंगळू नये म्हणून मागच्या चाकामागे ठोकळा. त्या दिवशी सकाळी आलमबागहून सब्जी घेऊन मीच आलो होतो."

स्विच खराब नव्हताच. वडिलांनी हँडब्रेक न ओढता लावलेली गाडी चालू होऊ न देणं हेच तर त्याचं काम होतं, आणि ते तो चोख करत होता. ही गोष्ट त्या खोलीत तिघांनाही एकाच वेळी कळली. मुलाने वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पापा, आपको थोड़ी पता था." वडिलांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला तिथे बसवेना. मी उगाच पाणी मागवलं.

मुलगा बाहेर गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. "आधी खोटं बोललो, आता खरं बोलतोय. गियरमध्ये मी ठेवली. माझं नाव लिहा."

मी म्हणालो, "काका, गाडी गियरमध्ये ठेवणं हा गुन्हा नाही. सगळे ठेवतात. तुमची काही चूक नाही."

मी धीर द्यायला बोललो होतो. पण जन्मठेप ऐकल्यासारखा तो माणूस माझ्याकडे बघत राहिला.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल मुलावर आरोपपत्र गेलं. सुरक्षेची वायर त्याने हाताने काढली होती, कायद्याला तेवढं पुरे होतं. जामीन मिळाला. पण अंगावर पोलिस केस असली की विमानतळात शिरायचा पास काढून घेतात; तो गेला आणि त्याबरोबर नोकरीही. ज्या नोकरीसाठी बाप खोटं बोलला, ती वाचली नाहीच. मीही काही करू शकलो नाही, वर कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतंही.

मध्यंतरी साक्षीसाठी कोर्टात गेलो तेव्हा दोघे भेटले. वडील फार खचलेले होते. मी मुलाची चौकशी केली. ते म्हणाले, "एका शब्दाने बोलत नाही हो मला. वेळेवर जेवायला वाढतो, औषधं देतो. एकदा तरी ओरडला असता तर बरं झालं असतं."

लोक ठाण्यावर न्याय मागायला येतात, असं मी उभी नोकरी समजत होतो. काही लोक शिक्षा मागायला येतात, हे मला त्या घराने शिकवलं. ती देण्याची सोय आमच्या कुठल्याच कलमात नाही. ज्याच्यावर कलम लागलं त्या मुलानेही सगळं आईसाठीच केलं होतं, आणि जिच्यासाठी केलं तीच राहिली नाही. यातून कुणी काय शहाणपण घ्यावं, मला अजून कळलेलं नाही.

खटला अजून चालू आहे. माझा जुना हवालदार आता कोर्टाच्या ड्यूटीवर असतो, तो सांगतो. मुलाच्या नावाचा पुकारा झाला की वडीलही उठतात आणि त्याच्या शेजारी आरोपीच्या जागी जाऊन उभे राहतात. दर तारखेला हवालदार त्यांना दंडाला धरून मागच्या बाकावर आणून बसवतो.