न झालेल्या लढाईचा फोटो

परराष्ट्र खात्यातल्या त्या कारकूनबाईंना सगळे ‘आगलावी’ म्हणत. खरं तर आग लागू न देणं हेच त्यांचं काम. परदेशात कुठे दोन गट हमरीतुमरीवर आले, की बाई एखादी डॉक्टरीण, दोन शिक्षक आणि एक सोशिक म्हातारा वकील हुडकून, साहेबांची सही घेऊन तिकडे धाडत. विहिरीवरून, कुरणावरून पेटू पाहणारी तीन भांडणं त्यांनी अशी बसल्या जागी विझवली. तरी साहेब दरवर्षी विचारत, “बाई, वर्षभर केलंत काय? दाखवायला काहीतरी हवं ना!” आता न झालेल्या लढाईचा फोटो काय डोंबल काढणार?

चौथ्या वेळी बाईंचं इशाऱ्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली तीन आठवडे पडून राहिलं. तिकडे गोळ्या सुटल्या, गावं ओस पडली. मग इकडे एकच धावपळ! विमानं, तंबू, कॅमेरे. साहेबांना बढती मिळाली. सत्काराच्या वेळी त्यांनी तेच पत्र उंच धरलं. “आमच्या विभागाने वेळेवर इशारा दिला होता!”

टाळ्या थांबल्यावर बाई मागच्या रांगेतून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “साहेब, अंगठा जरा बाजूला घ्या. कपाचा डाग झाकला जातोय.”