कॅनच्या नळीतली वस्ती

आमचे सर रागावले की 'तू'चं 'तुम्ही' व्हायचं, आणि फारच रागावले की 'आपण'. त्या सोमवारी त्यांनी आधी मायक्रोस्कोपच्या पडद्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे.

"आपण अंघोळ करून येता का?"

"हो सर."

"मग हे काय आहे?"

पडद्यावर हिरवे ठिपके होते. दिसायला छान होते. फक्त ते तिथे नसायला हवे होते.

आमच्या लॅबचं काम म्हणजे जंतूंचा चिकट थर. दवाखान्यात पेशंटला लघवीसाठी नळी घालतात ना, तिच्या आत जंतू येऊन चिकटतात, स्वतःभोवती लगदा तयार करतात आणि त्यात संसार मांडतात. पुण्याजवळ मांजरी गावाकडे उसाच्या शेतात सोसायट्या उठतात तसंच. आधी एक जण येतो, मग मजले चढतात, मधून पाण्याच्या वाटा निघतात, आणि एकदा वस्ती झाली की कोणाच्या बापाला हलवता येत नाही. औषध दिलं की वरच्या मजल्यावरचे मरतात. तळमजल्यावरचे मजेत. पेशंटचा ताप उतरतो, डॉक्टर खूश, आणि आठ दिवसांनी ताप परत.

हीच वस्ती आम्ही लॅबमध्ये वसवायचो. नळीचा एक तुकडा, जंतूंचा रस्सा, दोन दिवस. मग तुकडा धुवायचा, रंग लावायचा आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. जिवंत जंतू हिरवे दिसतात, मेलेले लाल. सोबत एक तुकडा असा ठेवायचा की ज्याला जंतू लांबूनही दाखवायचे नाहीत. त्याला कंट्रोल म्हणतात. तो पडद्यावर काळाकुट्ट दिसला पाहिजे, म्हणजे बाहेरची घाण आत आलेली नाही हे कळतं.

माझा कंट्रोल तिसऱ्यांदा हिरवा आला होता.

"बाकी कोणाचा येत नाही," सर म्हणाले. "म्हणजे यंत्र बरोबर, रंग बरोबर, पाणी बरोबर. राहिलं कोण?"

मी खाली बघितलं.

"शुक्रवारी आढावा समिती आहे. तिथेही हेच दाखवणार असाल तर मायक्रोस्कोप दुसऱ्या कोणाला देऊ. आपण बाटल्या धुवाव्यात. अर्थात त्या स्वच्छ निघतील याची खात्री नाही."

मायक्रोस्कोप गेला की पीएचडी गेली, आणि पीएचडी गेली की वाशीमची बस. मी तिकडचा. आमच्या शाळेत मायक्रोस्कोप होता एक, पण तो कपाटात. कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे आणि हेडमास्तर रजेवर. त्यामुळे ज्या यंत्रासाठी पुण्यात आलो ते हातात येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं.

विश्रांतवाडीच्या खोलीवर आम्ही चौघं राहायचो, चौघंही तिकडचेच, बाकी तिघं कंपनीत. त्यांना माझं रडगाणं सांगितलं. एक जण म्हणाला, "काय बे, तू डॉक्टर होऊन राहिला का भांडी घासणं शिकून राहिला?" त्या आठवड्यात मलाही नक्की सांगता आलं नसतं. हात धुऊन धुऊन साल निघाली होती. ग्लोव्ह्ज दोन-दोन घालत होतो. केससुद्धा कापले.

मंगळवारी शेवटी लॅबमधल्या ताईला गाठलं. तिचं पाचवं वर्ष, पुढच्या महिन्यात थीसिस द्यायचा होता.

"ताई, तुमचा कंट्रोल एवढा काळा कसा येतो?"

"येतो म्हणजे? मी काढतच नाही."

"मग फोटो?"

"आधीच्या एका दादानं काढलाय, फोल्डरमध्ये आहे. छान काळा आहे. सगळे तोच लावतात."

"सगळे?"

"अरे, काळ्या चौकोनाचे किती फोटो काढायचे माणसानं?"

म्हणजे अख्ख्या लॅबमध्ये कंट्रोल खरोखर करणारा मी एकटा होतो, आणि म्हणून घाणेरडाही मी एकटाच.

बुधवारी सर मीटिंगला गेले होते. चहा झाला आणि ताई म्हणाली, "तोंड पाडून बसू नकोस. सरांची नक्कल कर." लॅबमध्ये माझं तेवढं एक काम सर्वमान्य होतं.

सरांची नक्कल म्हणजे डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आलाच. तो त्यांच्या स्वतःच्या पीएचडीच्या काळातला. फळीवर ठेवलेला, खाली रबरी नळी, नळीला चिमटा. रंग लावायच्या आधी तुकड्याला या पाण्याची एक धार द्यायची, मीठ राहू नये म्हणून. बाकी प्रत्येक थेंब आम्ही उकळून वापरायचो. हे पाणी नाही, कारण ते डिस्टिल्ड, म्हणजे जन्मतःच सोवळं. खंडेनवमीला मायक्रोस्कोपला झेंडूची माळ पडते तेव्हा कॅनलाही हळदकुंकू लागतं आणि सर सांगतात, "या पाण्यावर पाच जण डॉक्टर झाले." मग कॅन ओल्या फडक्यानं पुसायचा. बाहेरून.

आम्ही सगळे चिमटा वापरायचो. सर नाही. ते नळीचं तोंड दोन बोटांत धरून पाणी सोडायचे. मी पोट पुढे काढलं, चष्मा नाकावर आणला, नळी चिमटीत धरली. "बघा. धार कशी हवी? केसासारखी. आपल्याकडे लोक बादली ओततात." ताई हसायला लागली. मी अजून रंगात आलो, बोट जरा आत सरकलं आणि नक्कल तिथेच थांबली.

आत बुळबुळीत होतं. ती बुळबुळ माझ्या ओळखीची होती. आमच्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो, आणि त्याची टाकी आणि नळी घासायचं काम घरात माझ्या वाट्याला होतं.

"पुढे कर ना," ताई म्हणाली.

"ताई, जरा यात बोट घाला."

तिनं घातलं. हसू गेलं. तिचे पाच वर्षांचे सगळे तुकडे याच पाण्यानं धुतलेले होते. बोट ॲप्रनला पुसत ती म्हणाली, "कोणाला सांगू नकोस एवढ्यात. माझा थीसिस जाऊ दे आधी."

"तो जाईपर्यंत मी गेलेलो असेन ना ताई."

ती आपल्या टेबलाकडे निघून गेली. गुरुवारी नळीच्या टोकाचा बोटभर तुकडा कापला, रंग लावला, मायक्रोस्कोपखाली ठेवला. तयार असलेला एक कंट्रोल कॅनच्या पाण्याऐवजी उकळून गार केलेल्या पाण्यानं धुतला, तो काळाकुट्ट निघाला. आणि नळीचा तुकडा? आम्ही जंतूंना इतकी वर्षं खाऊपिऊ घालून जे वाढवत होतो ते त्याच्यापुढे झोपडं होतं. इथे मनोरे होते, मनोऱ्यांमध्ये पाण्याच्या वाटा होत्या, सगळं हिरवंगार.

शुक्रवारी समितीत सर आणि बाहेरच्या दोन मॅडम. मी तिन्ही हिरवे कंट्रोल दाखवले.

"कंट्रोल असा कसा?" एका मॅडमनी विचारलं.

"विद्यार्थी बाहेरगावचा आहे," सर म्हणाले. जणू वाशीम ही एक जंतूंची जात आहे.

मी नळीचा फोटो लावला. सर खुर्चीत पुढे सरकले. "अरे वा. हे सुंदर आहे. किती दिवसांची वाढ?"

"नक्की सांगता येणार नाही सर. तुमच्या पीएचडीपासूनची असावी."

मग कॅन, नळी आणि गुरुवारचा काळा कंट्रोल, सगळं सांगितलं. दुसऱ्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "मग बाकीच्यांचे कंट्रोल काळे कसे?" सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, आत बघितलं आणि परत ठेवला.

समितीनं सगळ्यांना कंट्रोल नव्यानं करायला लावले. ताईचा थीसिस पुढे ढकलला गेला, तिनं माझ्याशी बोलणं टाकलं, आणि ते मला लागलं. मला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. फॉर्मवर सरांनी आपल्या सुंदर अक्षरात शेरा मारला होता: 'विद्यार्थ्याने पाण्याचा स्रोत तपासण्यास विलंब केला.' खाली माझ्यासाठी मोकळी जागा.

"वाचलंत ना?" सरांनी विचारलं. मी 'आपण'वरून 'तुम्ही'वर आलो होतो.

मी 'मान्य' लिहिलं, सही केली आणि मायक्रोस्कोपची मंगळवारची पाळी माझ्या नावावर लावून घेतली.