स्थिर धरलेली अक्का

लातूर जिल्हा नवा झाला आणि त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं. माझ्या हातात दोन कागद होते. एक लातूरच्या नव्या कचेरीतून आलेला, कारकुनाच्या नेमणुकीचा. दुसरा उपयोजित गणितात एम.एस्सी. करण्यासाठी सरकारी कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. सोमवारी कचेरीत हजर झालो नाही तर नोकरी गेली. नांदेडला बी.एस्सी.ला पहिला आलो होतो, त्यामुळे अंगात मस्ती होतीच. म्हटलं, नशिबावर कशाला सोडायचं, गणित मांडू.

खोलीवर बसून आलेखाच्या कागदावर दोन रेघा काढल्या. कारकुनाची रेघ लगेच वर निघत होती, पण रडतखडत. एम.एस्सी.ची आधी कर्जात खाली बुडायची, मग प्राध्यापकाच्या पगारावर चढायची. व्याज धरलं, हप्ते धरले. नवव्या वर्षी ती कारकुनाच्या रेघेला ओलांडून वर गेली. मला लई आनंद झाला.

एकच अडचण होती. तोवर घर कोण चालवणार? वडील मी दहावीत असतानाच गेले होते. घर अक्काच्या मजुरीवर चालायचं. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी, शाळा सातवीत सुटलेली. आम्ही गणितवाले अशा वेळी काय करतो, तर जे आड येतं त्याला एक अक्षर देतो आणि ते बदलत नाही असं धरून पुढं जातो. मी लिहिलं: के, स्थिर.

शुक्रवारी एसटीनं निलंग्याला उतरलो आणि चालत गावाकडं गेलो. माय आणि अक्का तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. जेवणाच्या सुट्टीत मी कागद मातीत पसरला आणि समजावून सांगितलं. माय नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. अक्कानं मात्र प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्यो के म्हंजे काय?" तिनं विचारलं.

"घरखर्च. म्हणजे तुझी मजुरी. ती स्थिर धरलीय."

"किती वर्सं?"

"नऊ."

 उदगीरकडचं एक स्थळ अक्काला सांगून आलेलं होतं, हे मला माहीत होतं. माहीत असून मी नऊ म्हटलं. मायनं तोंड उघडलं तशी अक्कानं तिचा हात दाबला.

"धर मग," ती मला म्हणाली. "एवढं शिकलास, अन् आता फायली उचलणार व्हय?"

तेवढ्यात मुकादमानं हाक मारली. तिनं भाकरीचं फडकं झटकलं आणि उठून गेली.

लातूरला मी गेलोच नाही. दोन वर्षं कर्जावर शिकलो. दुसऱ्या वर्षी अक्काच्या उजव्या डोळ्यात दगडाची कपची गेली. माझी परीक्षा होती म्हणून मला कुणी कळवलं नाही. निकालानंतर घरी गेलो तेव्हा ती माझ्याकडं बघायला सगळी मान वळवत होती. उदगीरवाल्यांनी कधीच दुसरी सून केली होती. नंतर एकदोन स्थळं आली, ती डोळा बघून परत गेली. अक्का तशीच कामावर जात राहिली. मी नांदेडच्या कॉलेजात लागलो, पण पहिली काही वर्षं पगार धड नव्हता आणि हप्ता कुणाला थांबत नाही. रेघ नवव्या वर्षी वर गेलीच नाही, अकरावं उजाडलं.

शेवटचा हप्ता भरला आणि पावती घेऊन गावी गेलो. अक्का अंगणात ज्वारी निवडत होती. तिनं पावती डाव्या डोळ्याजवळ धरून वाचली.

"त्यो रेघांचा कागद हाय का अजून?"

होता. पाकिटात घडी करून ठेवलेला, मला त्याचा अभिमान होता ना. तिनं तो सुपाशेजारी पसरला. दोन रेघा जिथं भेटत होत्या तिथवर बोट नेलं, आणि तिथून खालच्या कोऱ्या भागावर ते फिरवत राहिली.

"ही कारकुनाची. ही तुझी," ती म्हणाली. "माझी कुठली?"

तिची मी काढलीच नव्हती. तसं सांगितलं. तिनं मान हलवली, कागदाची घडी करून मला दिली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.