पायरीवरची चुंबळ

आमी भाजीवाल्या बाया बाजारात बसलो की भाजी दुपारपत्तूर संपते, गोष्टी काई संपत न्हाईत. त्यातल्या निम्म्या त्या जमिनीखालच्या संडासाच्या. दिवसभर बसनाऱ्या बाईला जायला दुसरी जागा तरी कुठं व्हती?

*

परभणीच्या जुन्या बाजारात, रस्त्याच्या पोटात, निजामाच्या काळातलं ते बांधकाम. म्हनत्यात, कुन्या अंमलदाराच्या बायकोची टांग्यात लय फजिती झाली, तवा त्यानं बायांसाठी हे बांधून घेतलं. वरून कुनाची नजर जाऊ नये म्हनून पायऱ्या दोनदा वळवल्या. पर तेवढ्यानं आतला आवाज बी वर येईना, हे कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई. उजेडासाठी छताला जाड काचेच्या चौकटी, आन त्यावरूनच रस्ता. आत बसलं की डोक्यावर मान्सांचे तळपाय.

नवी सून असताना सासू मला पयल्यांदा घेऊन गेली. वर पाय दिसले तसा मी घाबरून पदर तोंडावर वढला. सासू म्हनली, "अगं, त्यास्नी तू दिसत न्हाईस. तूच त्यास्नी बघायलीस!"

*

गयाबाई माझ्या शेजारी मेथी इकते. एकदा बाजार उठताना ती खाली गेली आन वॉचमननं वरच्या लोखंडी दाराला कुलूप घातलं. आमाला वाटलं, आधीच्या एसटीनं तिच्या गावाला, झरीला गेली आसंल. खाली ती वरडू वरडू थकली. शेवटी ओट्यावर चढून पिशवीतल्या तराजूच्या वजनानं छताची काच ठोकली. वरून एक मानूस चालला व्हता. पायाखालचा रस्ता वाजला तसा तो चपला टाकून पळाला. गयाबाई बाहेर आली ती सकाळी.

दुसऱ्या दिवशी तो बाजारभर सांगायलाय, खाली भूत हाय. गयाबाई म्हनली, "भूत न्हवतं, मी व्हते. पर तू पळालास तवा वाटलं, आता भूतच व्हनार."

समद्या हसल्या. ती न्हाई हसली. तवापासून ती परत खाली उतरली न्हाई. बाजारच्या दिवशी पानीच प्यायची न्हाई. पुढं मूतखडा झाला, तरी बी न्हाई. डोक्यावर पाटीखाली ठेवायची तिची चुंबळ, हिरव्या लुगड्याच्या काठाची, त्या राती खालीच राहिली. आमी शोधली, सापडली न्हाई.

*

मंग रीत पडली. खाली जायचं तर आपली चुंबळ वरच्या पायरीवर ठेवायची. चुंबळ हाय तवर वॉचमन कुलपाला हात लावत न्हाई. उशीर झाला तर वरचीनं पयल्या वळनापत्तूर उतरून हाक मारायची, खालचीनं ओ द्यायची.

एकदा बँकेतली मॅडम घाईत आली. ती चुंबळ कुठून आननार? पर्स ठेवली पायरीवर. वर येते तर पर्स गायब! रडायला लागली बिचारी. सासू म्हनली, "पर्स गेली तर जाऊ दे, माय. तू आलीस न वर?"

*

आता शेजारीच फरशीचं नवं शौचालय झालंय. परवा जुनं बुजवायला मान्सं आली, जेसीबी आला, मुरूम आला. मुकादम आत बघून आला, कुनी न्हाई म्हनला. तेवढ्यात मला पायरीवर चुंबळ दिसली.

आमी एकमेकींकडं बघितलं. समद्या बाया वर. समद्यांच्या चुंबळी जिच्या तिच्यापाशी.

गयाबाई पुढं झाली. हात न लावता वाकून बघितलं. हिरव्या लुगड्याचा काठ.

"माझी हाय," ती म्हनली.

"मंग घ्या मावशी, आन सरका बाजूला," मुकादम म्हनला.

तिनं घेतली न्हाई. इतक्या वर्सांनी ती पायऱ्या उतरायला लागली, भिंतीला धरून. आमी मागं, एकमेकींचा पदर पकडून. पयल्या वळनावर थांबून तिनं हाक मारली, "कोन हाय गं खाली?"

"ओ."

आवाज आमी समद्यांनी वळखला. मेथीची जुडी इकताना रोज ऐकतो तोच. गयाबाईचं तोंड तर मिटलेलं व्हतं.

ती वर आली, चुंबळीशेजारी पायरीवर बसली आन मुकादमाला म्हनली, "ती वर येईपत्तूर मशीन सुरू करायची न्हाई."