पहिल्या दिवशी काय शिकवलं?

ती घटना विसरलो, असं मी निवृत्तीनंतर विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो. ते खरं नाही. ताईंनी ठाण्यात आल्यावर काठी भिंतीला कशी टेकवून ठेवली, तेसुद्धा मला आठवतं. सांगायचं टाळलं, कारण तपास यशस्वी झाला आणि चूक माझी होती, आणि या दोन गोष्टी एका दमात सांगणं जड जातं. नावं कुणाचीच देत नाही. मी तेव्हा धाराशिवच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि निवृत्तीला आठ महिने उरले होते.

सुरुवात एका अर्जाने झाली. शहरातल्या एका कराटे क्लबमध्ये लाथ मारताना अकरा वर्षांच्या मुलीचा तोल गेला, ती हातावर पडली आणि मनगट मोडलं. तिचे वडील एसटीत वाहक. त्यांनी कुणावर आरोप केला नाही.

"साहेब, मला भांडायचं न्हाय," ते म्हणाले. "ही माणसं लेकरांना शिकवतेत. पण ती सोता कुठं शिकली, तेवढं शोधून द्या."

चोऱ्या, मारामाऱ्या आणि बांधावरचे तंटे यांतच माझी नोकरी गेली होती. असा अर्ज पहिल्यांदाच हातात आला. एखादा माणूस खरंच शिकलेला आहे की नाही, हे शोधायचं तरी कसं? मला त्याचं कुतूहल वाटलं आणि अर्जाची चौकशी मी स्वतःकडे ठेवली.

क्लबमध्ये दोन प्रशिक्षक. मुख्य प्रशिक्षकांना सगळे 'सर' म्हणत. ब्लॅक बेल्ट, बोलायला गोड. मनगट मोडलेली मुलगी त्यांच्याच वर्गातली. आदल्या वर्षीच्या बेल्ट वाटपाला प्रमुख पाहुणा मीच होतो आणि तो फोटो क्लबच्या दारात लावलेला होता. दुसऱ्या प्रशिक्षक म्हणजे ताई. बेंबळीकडच्या मेंढपाळ घरातल्या. आठवड्यातून तीन दिवस मुलींना लाठी शिकवायच्या आणि गावाजवळच्या एका शाळेतही त्यांचे वर्ग चालत.

जबाबाला बोलवायच्या आधीच सर ठाण्यात आले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. प्रमाणपत्रांची फाईल टेबलावर ठेवून उठताना ते हळूच म्हणाले, "माझं सगळं ह्याच्यात आहे साहेब. ताईंचं मात्र जरा बघा. त्यांच्याकडं कागदाचा कपटा न्हाय."

माझी एक जुनी सवय होती. कुणी एखाद्या कामातला जाणकार म्हणवू लागला, की मी विचारायचो, 'पहिल्या दिवशी काय शिकवलं?' बोगस डॉक्टर आणि बोगस वायरमन मी याच प्रश्नावर पकडले होते. खरा शिकलेला माणूस पहिल्या दिवसाचा कंटाळा सांगतो, मार सांगतो. न शिकलेला कौतुक सांगतो. सरांनाही मी तेच विचारलं.

"गुरुजींनी पहिल्याच दिवशी माझी किक बघितली," ते हसून म्हणाले, "अन् म्हणाले, हा पोरगा नाव काढणार."

हे ऐकून मी सावध व्हायला हवं होतं. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. त्यांना मी खुर्ची दिली नाही. अहोजाहोही केलं नाही.

"कुणाकडं शिकलीस?"

"वडलांकडं. मेंढरांमागं."

आमचे हवालदार खुदकन हसले. "मग बेल्ट मेंढरांनी दिला का?"

"ती कशाची देतेत," ताई म्हणाल्या. "ती तर माझं ऐकत बी न्हाईत."

"पहिल्या दिवशी काय शिकवलं?" मी विचारलं.

"काठी दिलीच न्हाय, साहेब. पडायला लावलं. माळावर मुरूम अन् गोटे. लांडग्यामागं धावताना पाय सटकतो. हात टेकला की हात गेला. खांदा आत घेऊन लोळायचं असतंय. दोन महिने नुसती लोळले. आई वडलांना म्हणायची, पोरीला काठी शिकवताय का गाढव करताय?"

"मग?"

"मग काठी. लांडग्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाय, फुडच्या पायाकडं बघायचं. माणसाचं बी तसंच हाय. हात खोटा दाखवता येतो, पाय न्हाय येत. माझ्या पोरींना बी म्या आधी पडायलाच शिकवते."

माझ्या प्रश्नाला इतकं खरं उत्तर साऱ्या नोकरीत कुणी दिलं नव्हतं. ते मी जबाबात शब्दशः उतरवून घेतलं आणि अहवालात मात्र लिहिलं, 'सदर महिलेकडे प्रशिक्षणाचा कोणताही लेखी पुरावा नाही, सबब अपात्र.' सरांच्या नावापुढे लिहिलं, 'कागदपत्रे बरोबर आढळली.' अहवालाची प्रत शाळेला गेली. त्याच आठवड्यात ताईंचे वर्ग बंद झाले.

दहा दिवसांनी हवालदार ती फाईल दप्तरी लावत होते. मध्येच थांबले.

"साहेब, ह्या सर्टिफिकेटावर धा वर्षांपूर्वीची तारीख हाय, अन् शिक्क्यात जिल्हा धाराशिव. तवा तर आपल्या ठाण्याच्या पाटीवर बी उस्मानाबाद होतं की."

बोलताना काही लोक आधीपासून धाराशिवच म्हणत. पण संस्थेच्या शिक्क्यात जिल्ह्याचं नवं नाव यायला ते आधी सरकारी कागदावर बदलावं लागतं. चौकशी केली तर त्या नावाची संस्थाच नोंदलेली नव्हती. शिक्का कुणी बनवून दिला, तो माणूसही दोन दिवसांत सापडला.

सरांना बोलावलं. आवाज चढवावा लागला नाही. शिक्क्याची छाप पुढे ठेवली आणि जुनाच प्रश्न पुन्हा विचारला. 

"पहिला दिवसच न्हाय, साहेब. सोलापुरात एका हॉटेलात कपबशा धूत होतो. समोर क्लास होता. फी परवडायची न्हाय. खिडकीतून बघायचो आणि खोलीवर येऊन आरशासमोर करायचो. सहा वर्षं. किक जमली. ती खोटी न्हाय."

"आणि पडायचं?"

"मला कुणी कधी पाडलंच न्हाय," ते म्हणाले. "पडायला शिकवायचं असतं, हे ठाऊकच नव्हतं."

मुलीचं मनगट का मोडलं, याचं उत्तर ते होतं. आणि कोण खरं शिकलेलं आहे, याचं उत्तर इतके दिवस माझ्याच कपाटात, ताईंच्या जबाबात पडून होतं. त्या वेळी मला सरांची कीवही आली, हे लपवत नाही. त्यांच्या मेहनतीत खोट नव्हती. खोट शिक्क्यात होती.

बनावट दस्तऐवज आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. पुरवणी अहवालात मी लिहिलं, 'अधिक तपासात निष्पन्न झाले की...' हे आमच्या खात्याचं सोयीचं वाक्य. आधी कोण चुकलं, ते त्यात लिहावं लागत नाही. ताईंबद्दलही चार ओळी लिहायला हव्या होत्या. पण मग दारातला फोटो, सरांना दिलेली खुर्ची आणि ताईंना न दिलेली खुर्ची, या सगळ्याचा जाब मला स्वतःलाच विचारावा लागला असता. मी ते पान लिहिलं नाही. मुख्याध्यापक ताईंना सांगत राहिले, पोलिसांचाच रिपोर्ट आहे, आम्ही काय करणार. ताई पुन्हा मेंढरांमागे गेल्या.

या प्रकरणाने मला शिकवलं ते इतकंच: प्रश्न बरोबर विचारता येणं पुरेसं नसतं. आलेलं उत्तर कुणाच्या तोंडून आलं, यावर मी त्याचं वजन ठरवत होतो. किती जबाबांत असं केलं असेल, कोण जाणे.

निवृत्तीनंतर ते पान मी घरी लिहिलं, सही केली आणि बेंबळीची एसटी धरली. पुढे त्यांच्या गावापर्यंत रिक्षा केली. ताई माळावर होत्या. मला बघून पदर सावरला, दगडावर घोंगडी टाकली.

"बसा साहेब. इकडं कसं येणं केलं?"

"या बाजूला आलो होतो," मी म्हणालो.

त्यांनी किटलीतला चहा दिला. मी मेंढरं किती, पाऊस कसा, असं विचारत राहिलो. शाळेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. निघताना उतारावर गोट्यावरून माझा पाय सटकला. मी हात पुढे केला तोच त्यांनी दंड धरला.

"हात टेकायचा न्हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "खांदा आत घ्यायचा."

मान हलवून मी उतरलो. सही केलेलं पान खिशातच राहिलं. येताना एसटीत जे एक वाक्य पाठ करत आलो होतो, तेही तोंडातच राहिलं: ताई, तुमच्याबद्दल मी जे लिहिलं ते खोटं होतं, मला माफ करा.