सुकन्याचं रीडिंग

लातूरच्या एका ज्युनियर कॉलेजात वीरेश निलंगे केमिस्ट्री शिकवायचे. मोलॅरिटीला लिटरमधल्या आकारमानानं गुणलं की मोल मिळतात, हे त्यांनी इतक्या पोरांना शिकवलं होतं की झोपेत उठवलं तरी सांगितलं असतं.

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी लॅब असिस्टंट आला नाही, म्हणून द्रावणं सरांनीच घाईघाईत केली. दोन ग्रॅम कॉस्टिक सोडा, म्हणजे शून्य पूर्णांक शून्य पाच मोल. तो अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये विरघळवायचा होता.

परीक्षेत त्यातलं दहा मिलिलिटर द्रावण घेऊन त्यात थेंबथेंब ॲसिड सोडायचं आणि किती ॲसिडला गुलाबी रंग जातो ते मोजायचं होतं. सगळ्यांची रीडिंग दहा मिलिलिटरच्या आसपास आली. किनवटकडची, हॉस्टेलवर राहणारी सुकन्या तेवढी अडून बसली.

"सर, पाचलाच गुलाबी रंग जाऊन राहिला."

"नीट बघ. पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. पाचच. बाहेरून आलेले परीक्षक टेबलाकडे यायला लागले, तसे सर वैतागले. "अगं, साऱ्या वर्गाला दहा येतंय, तुझंच वेगळं कसं? डोळे आहेत का नाहीत?"

सुकन्यानं पाच खोडून दहा लिहिलं. पोरीला पूर्ण मार्क पडले.

दुपारी काचेची भांडी धुताना सरांच्या हातात सोड्याचा फ्लास्क आला. त्यावर पाचशेऐवजी हजार मिलिलिटरचा आकडा होता. तेवढाच सोडा दुप्पट पाण्यात गेला होता. दहा मिलिलिटरमध्ये मोल निम्मेच, म्हणून ॲसिडही निम्मंच लागणार. पाच बरोबर होतं. बाकीच्यांनी सरावात पाठ झालेला आकडा उतरवला होता.

त्यांनी परीक्षकांना फोन लावला. "जाऊ द्या हो निलंगे," ते हसले, "कुणाचं नुकसान झालं? सगळ्यांना मार्क मिळालेत."

सरांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हॉस्टेलच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. सुकन्या पिशवी घेऊन गावी निघाली होती.

"चूक माझी होती पोरी," ते म्हणाले. "तुझं पाचच खरं होतं."

"मला पाचच दिसलं होतं सर."

"मग खोडलंस कशाला?"

"तुम्ही म्हणलात म्हणून." ती जरा थांबली. "वाटलं, माझेच डोळे गेले."

मी परीक्षकांना सांगितलंय, एवढं सर कसंबसं म्हणाले. तिनं मान डोलावली आणि रिक्षात बसली.

जूनमध्ये कळलं, तिनं नांदेडला बी.ए.ला नाव घातलंय. कारण काहीही असेल; सरांनी विचारलं नाही, विचारायचं धाडसच झालं नाही. तेव्हापासून लॅबमध्ये कुणी पोर "सर, माझं वेगळंच येऊन राहिलं" म्हणालं, की ते हातातलं काम टाकून आधी आपलं द्रावण तपासतात.